वाचकांचे प्रश्न : सिएटलला केव्हा जावे?

प्रश्न : आमची मुलगी आणि जावई सिएटलला राहतात. आम्ही दोघे निवृत्त आहोत आणि पुढच्या वर्षी सहा आठवडे त्यांच्याकडे राहायला जाण्याचा विचार आहे. मुलगी म्हणते, चेरीच्या बहरात या. परिचितांचे म्हणणे असे की तिथे बाराही महिने पाऊस असतो, तेव्हा केव्हाही गेलात तरी सारखेच. ह्यांचा गुडघा दुखतो, त्यामुळे निसरड्या वाटांवर त्यांना चालवत नाही. मला बागांची आवड आहे, आणि माऊंट रेनियर एकदा तरी स्वच्छ दिसावा अशी दोघांचीही इच्छा आहे. कोणता काळ निवडावा?

उत्तर : सिएटलला बाराही महिने पाऊस असतो, हा समज सर्वदूर पसरलेला असला तरी खरा नाही. वर्षभरात तिथे साधारण १००० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि न्यूयॉर्क शहराची वार्षिक सरासरी याहून जास्त आहे. सिएटलचे वेगळेपण आहे ते हा पाऊस केव्हा आणि कसा पडतो यात. नोव्हेंबर, डिसेंबर आणि जानेवारी या तीन महिन्यांत मिळून सुमारे ४५० मिलिमीटर पाऊस होतो, तर जुलै आणि ऑगस्ट या दोन महिन्यांत मिळून जेमतेम ४०. उन्हाळ्यात उत्तर पॅसिफिकवर हवेच्या जास्त दाबाचा पट्टा ठाण मांडतो आणि समुद्रावरून येणाऱ्या वादळांना अलास्काच्या बाजूला वळवतो; शरदात तो पट्टा दक्षिणेकडे सरकला की तीच वादळे एकामागून एक या किनाऱ्यावर येऊ लागतात. पूर्वेकडच्या कॅस्केड पर्वतरांगा खंडाच्या आतली कडाक्याची थंडी बऱ्याच अंशी अडवतात, म्हणून हिवाळा ओला असला तरी बोचरा नसतो. पश्चिमेकडचे ऑलिंपिक पर्वत पावसाचा मोठा वाटा आधीच काढून घेतात. त्या पर्वतांच्या पश्चिम अंगाला असलेल्या हो नावाच्या अरण्यात वर्षाला सुमारे ३५०० मिलिमीटर पाऊस कोसळतो आणि त्याच पर्वतांच्या आडोशाला असलेल्या स्क्विम गावात सुमारे ४००. सिएटल या दोन टोकांच्या मधले आहे.

तरीही ऋतू निवडताना केवळ मिलिमीटरच्या आकड्यांवर विसंबू नये, असे मी आवर्जून सांगेन. आपल्या पावसाळ्यात धो धो सरी येतात तसा तिथला पाऊस नसतो. ती दिवसभराची भुरभुर असते, आणि पुष्कळदा दिवस मावळेपर्यंत मोजण्यासारखे पाणी चार-पाच मिलिमीटरच भरते. स्थानिक लोक छत्री क्वचितच उघडतात; टोपी असलेले जलरोधक जाकीट घालून ते नित्याची कामे करत राहतात. पाहुण्याचा दिवस वाया जातो तो पावसामुळे नव्हे, तर अंधारामुळे आणि ढगांमुळे. सिएटल ४७ अंश उत्तर अक्षांशाच्याही वर असल्याने डिसेंबरच्या अखेरीस सूर्य सकाळी आठच्या सुमारास उगवतो आणि दुपारी साडेचारच्या आत मावळतो. जूनच्या अखेरीस तोच सूर्य पहाटे सव्वापाचच्या आधी उगवून रात्री नऊनंतर मावळतो. म्हणजे हिवाळ्यात जेमतेम साडेआठ तासांचा दिवस, तोही बहुधा ढगाळ, आणि उन्हाळ्यात जवळजवळ सोळा तासांचा. सहा आठवडे मुक्काम करणाऱ्या माणसाने पाऊस किती यापेक्षा उजेड किती हे आधी पाहावे.

आपली गरज लक्षात घेता जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या अखेरीपर्यंतचा काळ आपल्यासाठी सर्वांत योग्य ठरेल. या दिवसांत दुपारचे तापमान २५ अंशांच्या आसपास असते, हवा कोरडी असते, पायवाटा सुकलेल्या असतात आणि माऊंट रेनियर दिसण्याची शक्यता वर्षभरात सर्वाधिक असते. पहाटे मात्र पारा १४ अंशांपर्यंत उतरतो आणि सूर्य कलला की समुद्रावरचा वारा अंगाला लागतो, त्यामुळे ऐन उन्हाळ्यातही स्वेटर जवळ असावा.

जूनविषयी थोडे सांगायला हवे, कारण दिवस सर्वांत मोठा तेव्हा असतो म्हणून पुष्कळ जण तोच महिना निवडतात. तिथल्या जूनमध्ये पाऊस कमी असला तरी समुद्रावरून आलेले करडे ढग कित्येक दिवस दुपारपर्यंत हटत नाहीत, आणि खरा उन्हाळा ४ जुलैच्या स्वातंत्र्यदिनानंतर सुरू होतो, असे तिथले रहिवासीच सांगतात. रेनियरच्या दृष्टीनेही जून लवकरच होतो. त्या डोंगरावरचा पॅराडाइज हा सर्वांत लोकप्रिय भाग सुमारे १६४५ मीटर उंचीवर आहे आणि तिथल्या वाटांवर जुलैच्या आरंभीही बर्फ साचलेले असते. बर्फ वितळल्यावर, जुलैच्या अखेरीपासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत, तिथली कुरणे ल्युपिन, पेंटब्रश अशा रानफुलांनी भरून जातात. आपल्याला बागांची आवड आहे, तेव्हा हा पंधरवडा चुकवू नये.

पॅराडाइजच्या वाटा चढाच्या आहेत आणि गुडघा दुखत असताना त्यांवर फार दूर जाण्याचा आग्रह धरू नये. तिथून थोड्याच अंतरावर रिफ्लेक्शन लेक्स नावाची तळी अगदी रस्त्याला लागून आहेत. सकाळी लवकर, वारा सुटण्यापूर्वी पोचलात, तर गाडीतून उतरून दोन पावलांवर डोंगराचा हिमाच्छादित माथा पाण्यात उलटा उमटलेला दिसतो. पुढे वारा सुटला की पाण्यावर तरंग उठतात आणि ते प्रतिबिंब मोडते. शहरातून तिथे पोचायला गाडीने अडीच तास तरी धरावेत. उन्हाळ्यातल्या शनिवार-रविवारी वाहनतळ सकाळीच भरतात, आणि अलीकडच्या काही उन्हाळ्यांत रेनियरच्या राष्ट्रीय उद्यानाच्या काही भागांसाठी वेळेचे आगाऊ आरक्षण लागत होते, म्हणून त्या वर्षीचा नियम उद्यानाच्या अधिकृत संकेतस्थळावर मुलीला आधी पाहून ठेवायला सांगावे. जाण्याची तारीख मात्र आधीपासून पक्की करू नये. सहा आठवडे हाताशी आहेत, तेव्हा हवामानाचा अंदाज पाहून दोन दिवस आधी दिवस ठरवावा. डोंगर ज्या दिवशी स्वच्छ दिसतो, त्या दिवशी तिथली माणसे एकमेकांना ते आवर्जून सांगतात. शंभरएक किलोमीटरवरचा तो डोंगर शहरातल्या केरी पार्क या बागेतून स्पेस नीडल या प्रसिद्ध मनोऱ्याच्या मागे उभा राहिलेला दिसतो, तेव्हा त्यांच्या आनंदाचे कारण आपल्यालाही समजेल.

सिएटलच्या मध्यवर्ती भागातले रस्ते चढउताराचे आहेत, हे आपल्या यजमानांच्या गुडघ्याच्या दृष्टीने लक्षात असू द्यावे. पाइक प्लेस मार्केट हा १९०७ पासूनचा बाजार आणि खालचा समुद्रकिनारा यांना जोडणारा नवा उंच मार्ग २०२४ मध्ये खुला झाला असून तिथे लिफ्टची सोय आहे, त्यामुळे पूर्वीच्या पायऱ्या टाळता येतात. बेनब्रिज बेटाची फेरी बोट ३५ मिनिटांत पोचते, बसल्या जागी शहर, समुद्र आणि दोन्ही बाजूंचे पर्वत दाखवते, आणि पायी प्रवाशांचे तिकीट सिएटलहून जातानाच घ्यावे लागते, परतीचे लागत नाही. बॅलर्ड भागातल्या जलपाशांजवळ, म्हणजे बोटींना पाण्याच्या एका पातळीवरून दुसरीवर नेणाऱ्या दरवाजांजवळ, माशांसाठी बांधलेली पायऱ्यांची वाट आहे. तिच्या काचेच्या खिडक्यांतून जुलैमध्ये सॉकाय जातीचे सामन मासे प्रवाहाविरुद्ध वर चढताना हातभर अंतरावरून दिसतात.

या काळाच्या दोन उणिवा आहेत. पहिली म्हणजे विमानभाडे आणि हॉटेलांचे दर तेव्हाच सर्वांत चढे असतात. आपण मुलीकडे राहणार असल्याने हॉटेलचा प्रश्न आपल्याला फारसा जाणवणार नाही. दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. गेल्या काही वर्षांत वणव्यांचा धूर उन्हाळ्याच्या उत्तरार्धात शहरावर येऊन साचतो. २०१७, २०१८ आणि २०२० या वर्षी तो जाणवला, आणि २०२२ मध्ये तर ऑक्टोबरच्या मध्यानंतरही हवा धुराने दूषित होती. हा धूर दर वर्षी येतोच असे नाही आणि आला तरी बहुधा काही दिवसांत ओसरतो. पण आपल्यापैकी कोणाला दम्याचा किंवा हृदयाचा त्रास असेल तर मुक्काम आठवडाभर अलीकडे घेऊन ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात परतावे आणि सोबत एन-९५ मुखपट्टी ठेवावी. तिथल्या अनेक जुन्या घरांत वातानुकूलन नसते. २८ जून २०२१ रोजी विमानतळावर ४२ अंश तापमानाची नोंद झाली, तेव्हा या उणिवेची झळ शहराला फार बसली. तेवढी उष्णता क्वचितच येते, तरी आपल्या मुलीच्या घरी काय सोय आहे हे आधी विचारून घ्यावे.

काही कारणाने जुलै साधता आला नाही, तर सप्टेंबरचे पहिले तीन आठवडे निवडावेत. लेबर डेनंतर, म्हणजे सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारच्या सुट्टीनंतर, गर्दी ओसरते, दुपारी २२ अंशांच्या आसपास तापमान असते आणि मोठा पाऊस अजून सुरू झालेला नसतो. कुरणांवरची फुले तोवर संपलेली असतील, एवढेच काय ते कमी.

प्रश्न : मुलांच्या शाळेमुळे आम्हाला डिसेंबरच्या अखेरीसच सुट्टी मिळते. सिएटलला जाण्याचा बेत रद्द करावा का?

उत्तर : रद्द करू नये, मात्र बेताचे स्वरूप बदलावे. डोंगर आणि सूर्यास्त पाहण्याच्या आशेने गेलात तर निराशा होईल, कारण ढगांचे आच्छादन आठवडाभर न हटणे त्या दिवसांत नेहमीचेच आहे. शहरातल्या बंदिस्त जागा मात्र मुलांसाठी अतिशय समृद्ध आहेत. म्युझियम ऑफ फ्लाइट हे विमानांचे संग्रहालय एका पूर्ण दिवसाचे आहे. तिथे ब्रिटिश एअरवेजच्या ताफ्यातले काँकॉर्ड हे ध्वनीपेक्षा वेगाने उडणारे प्रवासी विमान आतून पाहता येते. समुद्रकिनाऱ्यावरच्या मत्स्यालयाला २०२४ मध्ये नवी इमारत जोडली गेली आहे. काचेची आणि पोलादाची, तिरक्या भिंतींची मध्यवर्ती ग्रंथालयाची इमारत तर विनामूल्य पाहता येते, आणि पावसाळी दुपारी तिच्या वरच्या मजल्यांवर बसून मुलांना वाचताही येईल. दिवसाउजेडी बाहेरचे एकच ठिकाण आणि अंधार पडल्यावर आतले एक, असा क्रम ठेवला की लहान दिवसाची अडचण वाटत नाही.

उघड्यावरच्या ठिकाणांपैकी ८२ मीटर उंचीचा स्नोक्वाल्मी धबधबा हिवाळ्यात पाण्याने भरलेला असतो, तेव्हा तो अवश्य पाहावा. उन्हाळ्यात त्याची धार बरीच रोडावते. दिव्यांनी सजवलेले लेव्हनवर्थ हे डोंगरातले गाव मुलांना आवडेल, परंतु तिकडची वाट बर्फाच्या घाटातून जाते. बर्फावर गाडी चालवण्याचा सराव नसेल तर भाड्याची गाडी घेऊ नये आणि सहलीच्या बसने जावे. खुद्द शहरात बर्फ हिवाळ्यात मोजकेच दिवस पडते, पण पडले की चढाचे रस्ते निसरडे होऊन वाहतूक मंदावते, म्हणून परतीच्या विमानाच्या आदल्या दिवशी दूरचा बेत आखू नये. विमानतळावरून शहरात येणाऱ्या रेल्वेत, बसमध्ये आणि राज्याच्या फेरी बोटींवर १८ वर्षे आणि त्याखालील मुलांना भाडे पडत नाही, ही सोय पाहुण्यांच्या मुलांनाही लागू आहे.

प्रश्न : छायाचित्रणासाठी सिएटलचा चेरीचा बहर आणि स्कॅजिट खोऱ्यातली ट्युलिपची शेते एकाच फेरीत टिपायची आहेत. तारखा कोणत्या धराव्यात?

उत्तर : दोन्ही बहर ऐन भरात एकाच आठवड्यात मिळणे कठीण आहे. युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनच्या क्वाड या चौकातल्या चेरी बहुधा मार्चच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पूर्ण फुलतात. ही तीसेक झाडे १९६० च्या दशकात शहरातल्या वृक्षोद्यानातून इथे आणून लावली आहेत, आणि फेब्रुवारी-मार्चमधल्या थंडीप्रमाणे त्यांचा बहर आठवडाभर मागेपुढे होतो. विद्यापीठ बहराची स्थिती वेळोवेळी जाहीर करते, ती पाहत राहावे. शहरापासून शंभरएक किलोमीटर उत्तरेला असलेल्या स्कॅजिट खोऱ्यात ट्युलिपचा उत्सव एप्रिलभर चालतो आणि शेते बहुधा महिन्याच्या मध्याच्या सुमारास रंगतात. म्हणून मार्चच्या शेवटच्या आठवड्यात पोचून एप्रिलच्या मध्यापर्यंत थांबणे हा त्यातल्या त्यात चांगला मार्ग आहे. तितके दिवस नसतील, तर दोहोंपैकी एकाची निवड करावी.

या काळात पाऊस असतोच. मार्चमध्ये सुमारे १०० आणि एप्रिलमध्ये सुमारे ८० मिलिमीटर. छायाचित्रणाला ढगाळ उजेड उपकारक ठरतो, कारण चेरीच्या फिकट गुलाबी पाकळ्यांचे बारकावे कडक उन्हात हरवतात. पाऊस येऊन गेल्यावर लगेच क्वाडमध्ये जावे. ओल्या विटांच्या वाटांवर गळालेल्या पाकळ्या तेव्हा चिकटून बसलेल्या असतात आणि विटांचा तांबडा रंग गडद झालेला असतो. तीच वाऱ्यापावसाची रात्र बहराच्या अखेरीस आली तर सकाळी फांद्या रित्या दिसतात, त्यामुळे पहिल्याच दिवशी पुरेशी छायाचित्रे घेऊन ठेवावीत. स्कॅजिटमध्ये शेतकरी पिकांची फेरपालट करतात, म्हणून फुलांची शेते दर वर्षी नव्या जागी असतात. मागील वर्षीच्या नकाशावर न विसंबता त्या वर्षीचा नकाशा घ्यावा, सोमवार ते गुरुवारपैकी एखादी सकाळ गाठावी, आणि चिखलात रुतणार नाहीत असे रबरी बूट घालूनच शेतात उतरावे.