त्या उन्हाळ्यात राहून गेलेलं

मेच्या अंकासाठी २०२० च्या उन्हाळ्याबद्दल प्रश्न पाठवा, असं संपादकांनी छापलं तेव्हा मला वाटलं होतं, लोकांना आता त्या विषयाचा कंटाळा आला असेल. आलेली पत्रं वाचायलाच मला चार दुपारी लागल्या. सगळ्यांना जागा देता येत नाही. ज्यांना माझ्यापाशी काही सांगण्यासारखं आहे, ती पत्रं घेतली आहेत.

प्रश्न: बाई, माझे सासरे २०२० च्या मे महिन्यात कोरोनाने गेले. दवाखान्यात नेलं त्या दिवशी ते स्वतः चालत रुग्णवाहिकेपर्यंत गेले होते. नंतर घरातल्या कुणालाच भेटता आलं नाही. अंत्यविधी पालिकेच्या माणसांनी केला, माझे पती लांब उभे होते. दहावा-तेरावा गुरुजींनी फोनवर सांगितला तसा घरातच केला. त्यांचा चष्मा आणि घड्याळ प्लास्टिकच्या पिशवीतून परत आलं. ती पिशवी सासूबाईंनी अजून उघडलेली नाही. ‘यांचं काहीच झालं नाही’ असं त्या दर सणाला म्हणतात. आम्ही काय करावं? — एक वाचक, डोंबिवली

उत्तर: तुमच्या सासूबाई खरं तेच बोलताहेत. ‘विधी झाला की सगळा’ असं त्यांना समजावू नका. विधी झाला, माणसं आली नाहीत. आपल्याकडे कुणी गेलं की दारात चपलांचा ढीग पडतो, शेजारून पिठलं-भात येतो, कुठली तरी लांबची मावशी न सांगता ओट्याचा ताबा घेते. येणारा प्रत्येक जण तेच विचारतो: कसं झालं, कधी झालं, शेवटी काही बोलले का? तेच तेच विसाव्यांदा सांगताना सांगणारीला स्वतःला ते पटायला लागतं. सासूबाईंना ते एकदाही सांगायला मिळालं नाही. तेव्हा तर नियमच होता, अंत्यविधीला वीसच्या वर माणूस नको. तुमच्याकडे तेवढीही जमली नाहीत.

माझी थोरली बहीण, आमची अक्का, त्याच एप्रिलात सांगलीला गेली. तिला कोरोना नव्हता, हृदय थकलं होतं. पुण्याहून सांगली पाच तासांचा रस्ता. जिल्ह्याची हद्द ओलांडायला पास लागायचा, आणि तो हाती येईपर्यंत तिकडे थांबणं शक्य नव्हतं. भाच्याच्या मित्राने मोबाइल धरला. इकडे मी माझा फोन तांदळाच्या डब्याला टेकवून ओट्यापाशी उभी. भाच्याने मडकं खांद्यावर घेतलं आणि चित्र तिथेच थांबलं. आवाज येत राहिला, पावलं वाजत राहिली, भाचा मात्र जागचा हलेना. त्या थांबलेल्या चित्रालाच मी हात जोडले.

दोन वर्षांनी तिच्या तिथीला आम्ही सांगलीत माणसं बोलावली. आधी मी आणि भाचा यादी करायला बसलो: तेव्हा कोण कोण आलं असतं? तिच्या बालवाडीतली मुलं, गल्लीतल्या बायका, भिशीच्या मैत्रिणी, दारावर येणाऱ्या भाजीवाल्या मावशी. साठेक माणसं आली. मावशी मेथीच्या दोन जुड्या घेऊन आल्या. म्हणाल्या, “अक्का जुडी उलटी करून आधी मुळं बघायच्या, मगच पैसे काढायच्या. अजून कुणी जुडी उलटी केली की त्याच डोळ्यांपुढं येतात.” त्या मेथीची भाजी त्याच पंगतीत वाढली. अक्का गेली तेव्हा भाचा रडला नव्हता, सगळी धावपळ त्याच्या एकट्याच्या अंगावर होती. त्या दिवशी तो मागच्या अंगणात जाऊन पोटभर रडला, आणि मीही.

तुम्हीही यादी करा. फोन मात्र सासूबाईंना करू द्या, तुम्ही फक्त नंबर लावून द्या. जे येणार असतील त्यांना आधी एवढंच सांगून ठेवा: आल्यावर आईंना विचारा, कसं झालं ते, आणि त्या सांगत असताना मधे बोलू नका. रुग्णवाहिकेपर्यंत ते स्वतःच्या पायांनी चालत गेले, हे त्यांना सांगायचं असणार. पिशवीला तुम्ही हात लावू नका. ती त्यांची आहे. उघडतील तेव्हा उघडतील.

प्रश्न: बाई, लाज वाटते तरी विचारते. तो उन्हाळा माझ्या आयुष्यातला सगळ्यांत सुखाचा होता. नवऱ्याची लोकलची दगदग थांबली. आम्ही चौघं रोज एकत्र जेवलो, पत्ते खेळलो, दूरदर्शनवर पुन्हा लागलेलं रामायण पाहिलं. देवगडच्या बागायतदाराने सोसायटीच्या फाटकावर थेट पेट्या आणून दिल्या. हे कुणाशी बोलायचं धाडस होत नाही. — ठाणे

उत्तर: बोला. जे सुख होतं ते होतं. लक्ष्मी रस्त्यावर सकाळी सात वाजता मला माझ्याच चपलांचा आवाज ऐकू आला होता. इतकी वर्षं पेठेत राहते, तो कधी ऐकला नव्हता. कोकिळा तर दुपारीसुद्धा ओरडायच्या.

त्याच्या शेजारी मी दुसरी एक आठवण ठेवते. ८ मेच्या सकाळी रसासाठी आंबे पाण्यात टाकले होते, आणि टीव्हीवर करमाडजवळची बातमी आली. जालन्याहून भुसावळच्या दिशेने रुळांच्या कडेने चालत निघालेले मजूर थकून रुळांवरच झोपले. गाड्या बंद आहेत असं त्यांना वाटलं असणार. पहाटे मालगाडी आली. सोळा माणसं गेली. रुळांवर त्यांच्या पोळ्या विखुरलेल्या दिसत होत्या. ते आंबे मी त्या दिवशी पिळले नाहीत. दुसऱ्या दिवशी पिळले, सगळ्यांनी खाल्ले, आणि ते गोड होते. मला यातलं काहीच खोडायचं नाही.

तुम्हाला एकच विचारते. त्या दोन महिन्यांत तुमच्या सोसायटीचा कचरा रोज कुणी उचलला? ती माणसं लोकल बंद असताना कुठून, कशी यायची? ठाऊक नसेल तर अजून विचारता येईल. बहुतेक त्यातलं कुणी ना कुणी आजही येत असेल. तुमचं सुख तुमच्या मुलांना सांगाल तेव्हा त्यांचं नावही त्यात येऊ द्या.

प्रश्न: बाई, मी कोल्हापूरचा. २०२० ला दहावीला होतो. २३ मार्चला भूगोलाचा पेपर होता, तेवढाच राहिला होता. आधी पुढे ढकलला, मग एप्रिलात रद्दच झाला. बाकीच्या विषयांची सरासरी काढून भूगोलाचे गुण दिले. मी सगळ्यांत जास्त अभ्यास भूगोलाचा केला होता. आता पुण्यात नोकरीला आहे, तरी तो पेपर स्वप्नात येतो. मित्र हसतात. — एक वाचक, पुणे

उत्तर: हसू देत. मला तुझं पत्र फार जवळचं वाटलं, कारण मी तेहतीस वर्षं भूगोलच शिकवला. पेपर रद्द झाला तेव्हा मी निवृत्त होते, तरी घरातलं काही हरवल्यासारखी दिवसभर फिरत होते. चाळीस गुणांचा पेपर. तुमचं पुस्तक नवं होतं, भारत आणि ब्राझील शेजारी शेजारी ठेवून शिकवणारं. ॲमेझॉनचं खोरं, ब्राझीलची उच्चभूमी, हिमालय, सगळं पाठ करून बसलेल्या मुलांना कुणी विचारलंच नाही, की बाळांनो, तुम्हाला काय येतं? आणि नेमकं त्याच वर्षी त्या दोन्ही देशांची नावं रोज संध्याकाळी बातम्यांत एकापाठोपाठ एक येत होती.

त्या पुस्तकातला पहिला पाठ क्षेत्रभेटीचा होता. त्या मे महिन्यात मी एक क्षेत्रभेट केली, ती आमच्या गच्चीवर. पुण्यात १३ मेच्या सुमाराला, दुपारी साडेबाराच्या आसपास सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली पडत नाही. शून्य सावलीचा दिवस. शाळेत असताना तो नेहमी सुट्टीत यायचा, त्यामुळे मुलांना कधीच दाखवता आला नाही. त्या वर्षी मुलं आजूबाजूच्या गच्च्यांवरच होती. आदल्या संध्याकाळी कठड्यावरून ओरडून सगळ्यांना सांगितलं: उद्या बाराला एक उभी, सरळ वस्तू घेऊन या. कुणी पाण्याची बाटली आणली, कुणी आजोबांच्या औषधाचा डबा, एका मुलीने बॅट उभी धरली. मी स्टीलचा पेला पालथा ठेवला. सव्वाबाराला त्याच्या बुडाशी नखाच्या कोरीएवढी सावली होती. ती बारीक होत गेली, पेल्याच्या कडेखाली सरकली, आणि साडेबाराला काहीच उरलं नाही. पेला फरशीवर चिकटवल्यासारखा दिसत होता. आठ गच्च्यांवरून एकदम आरडाओरडा झाला. खाली रस्त्यावर पेठ बंद करायला लावलेले पत्रे होते, त्यांच्यापाशी उभा असलेला पोलीसही वर बघायला लागला. मग त्यानेही आपली काठी उभी धरून पाहिली.

पाच मिनिटांनी सावली पुन्हा निघाली, दुसऱ्या बाजूने. एका मुलाने ओरडून विचारलं, “बाई, उद्यापण?” त्याला मी जे सांगितलं ते तू आता स्वतः शोधायचं आहेस, कारण तुझा राहिलेला पेपर मी घेणार आहे.

प्रश्न पहिला. तुझ्या कोल्हापूरला हा दिवस मेच्या पहिल्या आठवड्यात येतो, पुण्याला १३ च्या सुमाराला, नागपूरला शेवटच्या आठवड्यात. हा क्रम का? प्रश्न दुसरा. दिल्लीत तो कधीच येत नाही. का? प्रश्न तिसरा, आकृतीसह. ब्राझीलिया विषुववृत्ताच्या दक्षिणेला सुमारे सोळा अंशांवर आहे. तिथल्या मुलीला वर्षातून किती वेळा आणि कोणत्या महिन्यांत सावलीशिवाय उभं राहता येईल?

वेळ पाहिजे तेवढा घे, पुस्तक उघडून लिहिलंस तरी चालेल. उत्तरं मासिकाच्या पत्त्यावर माझ्या नावाने पाठव. मी लाल पेनने तपासून परत पाठवीन, आणि गुण तुझेच असतील, सरासरीचे नाहीत.

प्रश्न: २०२० म्हटलं की सगळे कोरोना म्हणतात. आमच्या वाडीतल्या पोफळी ३ जूनच्या दुपारी दोन तासांत आडव्या झाल्या. मुंबईचे चाकरमानी मदतीला येऊ शकले नाहीत. वीज नाही, फोन नाही, कौलं नाहीत. आमचं निसर्ग वादळ कुणाच्या लक्षात आहे का? — श्रीवर्धन

उत्तर: माझ्या आहे, पण मी पुण्यात बसून ते पाहिलं, त्यामुळे माझ्या लक्षात असण्याला फारसा अर्थ नाही. तुमचं चार पानी पत्र संपादकांना दिलं आहे. जूनच्या अंकात ते पूर्ण छापावं, असा माझा आग्रह आहे. पडलेल्या झाडांवरून उडी मारत शेजारच्या म्हातारीपर्यंत पोचायला तुम्हाला पाऊण तास लागला, हे वाचताना मी दोनदा थांबले. रोजचं अंतर किती, तर चाळीस पावलं.

पोफळ लावली की धरायला सहा-सात वर्षं जातात, असं मी तुमच्याच भागातल्या विद्यार्थिनींकडून ऐकलं आहे. म्हणजे त्या पावसाळ्यात लावलेली रोपं आता धरायच्या बेताला आली असतील. पहिला शिंपुटा निघाला की मला जरूर कळवा.

प्रश्न: कपाट आवरताना माझी २०२० ची खर्चाची वही सापडली. दूध, बटाटे, खायचा सोडा, मास्कसाठी नाडी, असलंच सगळं आहे. मुलगा म्हणतो रद्दीत दे. देऊ का? — मिरज

उत्तर: देऊ नका. मी माझी काल काढून पाहिली. एप्रिलात एका ओळीत लिहिलंय: ‘कोथिंबीर नाही. लिंबू नाही. समोरच्या आजोबांना डबा.’ पुढे रोज तेच शेवटचं वाक्य आहे, ३१ मेपर्यंत. मी मोजलं तर एकसष्ट डबे झाले. मला वाटत होतं पंधरा-वीस दिवस दिले असतील. आजोबा त्यानंतर दोन वर्षांनी गेले. ही वही त्यांच्या नातीला दाखवायला नेणार आहे.

तुमच्या वहीत २५ मार्चचं पान असेल ते काढा. त्या दिवशी पाडवा होता आणि टाळेबंदीचा पहिला दिवस. माझ्या पानावर आहे: ‘गाठी मिळाली नाही. खडीसाखर रुमालात बांधून गुढीला लावली. कडुलिंब वाड्यातलाच.’ तुम्ही मिरजेत त्या दिवशी गाठीऐवजी काय बांधलं होतं?