चामड्याच्या कामासाठी पहिलं शिलाई मशीन कोणतं घ्यावं?

पिशव्या, पट्टे शिवायचे असतील तर कंपाउंड फीडचं मशीनच घ्या. त्यात सुई, खालून माल पुढे ओढणारे दाते आणि वरून दाबणारा आतला पाय एकत्र सरकतात. घरगुती मशीनमध्ये फक्त खालचे दाते ओढतात. वरचा थर मागे राहतो आणि टाके आखूड पडतात. मोटर सर्वो (वेग अगदी कमी करता येणारी) हवी, क्लच (सतत पूर्ण वेगाने फिरणारी) नको: कोपऱ्यावर एकेक टाका घालता आला पाहिजे.

घेण्याआधी आपलंच चामडं, सगळ्यात जाड जोडाचा तुकडा न्या. टेक्स ७० जाडीचा बाँडेड (वरून लेप दिलेला) नायलॉन दोरा आणि १८ नंबरची चामड्याची सुई लावा, टाक्याची लांबी ४ मिमी ठेवा. आधी हातचाकाने शिवा, मग तुकडा उलटा करून बघा. खाली दोऱ्याचे फास दिसले तर बहुधा वरचा ताण कमी आहे किंवा दोरा ताणाच्या चकत्यांत नीट बसलेला नाही. तेवढ्यावरून मशीन नाकारू नका. मधले टाके पडतच नसतील तर मात्र सुई-हुकाचं टायमिंग, म्हणजे खालचा हुक सुईचा दोरा योग्य क्षणी पकडतो का, ते तपासून घ्या.