आंबोलीत चापडा भेटला तर?

प्रश्न: पावसाळ्यात बेडकांच्या सर्व्हेला आंबोलीला चाललोय, काम सगळं रात्रीचं. मित्र म्हणतो तिथे चापडा हा विषारी साप दिसतोच, मग अँटीव्हेनम (सर्पविषावरचं औषध) सोबत ठेवू का?

उत्तर: अहो, बॅगेत नेऊन काय करणार, ते शिरेतून द्यावं लागतं, रिअ‍ॅक्शन आली तर डॉक्टर जवळ हवा, आणि मुळात आपल्याकडचं औषध नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवरचं, चापड्यासाठी नाहीच. त्यापेक्षा हात सांभाळा. हा पठ्ठ्या पळत नाही, फांदीवर वेटोळं करून तासन्‌तास बसतो, कधी हिरवा कधी तपकिरी. मी एकदा घसरलो, फांदी धरायला गेलो तर वीतभरावर हा, ढिम्म! आधी टॉर्च मारा, मगच हात लावा, आणि चावलाच तर कापाकापी न करता थेट हॉस्पिटल.