साईटवर माझे कोणी ऐकत नाही

मागच्या गणपतीनंतरच्या आठवड्यात बेळगावच्या टिळकवाडीतील माझ्या समुपदेशनाच्या खोलीत एक तरुण इंटिरियर डिझायनर आली आणि बसता बसताच म्हणाली, "मला इंपोस्टर सिंड्रोम आहे. त्यावर काही व्यायाम असतील तर सांगा." वय एकतीस, डिप्लोमा झालेला, सहा वर्षांत बावीस घरे पूर्ण केलेली. तिच्या संमतीने हा अनुभव लिहीत आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. तिचा प्रश्न मात्र बदललेला नाही, कारण घरांच्या सजावटीचे काम करणाऱ्या इतर स्त्रियांकडूनही मी तो ऐकला आहे. सुतार आणि गवंडी माझे ऐकत नाहीत, घरमालक प्रत्येक गोष्ट माझ्या नवऱ्याला विचारतात, फी मागताना माझा आवाज बसतो. मी या कामाला लायकच नाही का?

इंपोस्टर हा शब्द तिने मोबाईलवर वाचला होता आणि स्वतःला लावून घेतला होता. पॉलिन क्लान्स आणि सुझान आइम्स या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९७८ मध्ये, मोठे यश मिळवूनही "आपण लोकांना फसवतो आहोत" असे वाटणाऱ्या स्त्रियांविषयी लिहिताना, या अनुभवाला नाव दिले. तो आजार नाही आणि मानसिक विकारांच्या अधिकृत यादीत त्याची नोंदही नाही. शिवाय त्या अनुभवात आजूबाजूचे लोक कौतुक करत असतात आणि ते आपल्यालाच पटत नाही. हिच्या बाबतीत उलटे होते. आपले ड्रॉइंग चांगले आहे याची तिला खात्री होती. ते भिंतीवर उतरत नव्हते.

झोप, भूक, कामातील रस यांची चौकशी मी आधी केली. उदासी, झोप उडणे, कशातच मन न लागणे हे दोन आठवड्यांहून अधिक काळ रोज टिकले असेल, तर साईटचा प्रश्न बाजूला ठेवून मानसोपचारतज्ज्ञांना भेटायला हवे. लगेच कोणाशी बोलायचे असेल तर टेली मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे. साईटवर कोणी अंगचटीला येते का, रात्री-अपरात्री संदेश पाठवते का, हेही मी विचारते, कारण तसे असेल तर तो आत्मविश्वासाचा विषय उरत नाही; कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याखाली जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे नेण्याचा विषय होतो. सुदैवाने यांतले काही नव्हते.

तरीही पहिल्या भेटीत मी चुकले. तिने मागितले तेच मी दिले: ठाम बोलण्याची चार वाक्ये, ती म्हणण्याचा सराव, बोलण्याआधी दोन दीर्घ श्वास. पुढच्या आठवड्यात ती परत आली ती अधिक खचून. "तुम्ही सांगितले तसे ठामपणे बोलले. मिस्त्री 'हो मॅडम, तसंच करतो की' म्हणाले, आणि त्यांना करायचे तेच केले." तेव्हा मी वाक्ये बाजूला ठेवली आणि तिला म्हटले, एक प्रसंग घे आणि तो इंचाइंचाने सांग.

तिने वडगावच्या एका घरातील ओट्याचा प्रसंग सांगितला. त्या घरातील वहिनींची उंची ४ फूट १० इंच. आपल्याकडे गवंडी सहसा ३४ इंचांवर कडप्पा किंवा ग्रॅनाइट बसवून मोकळा होतो. हिने मात्र वहिनींना भिंतीला पाठ लावून उभे केले, हात कोपरात वाकवायला सांगितला आणि टेप लावला. जमिनीपासून कोपर ३६ इंचांवर होते. कणीक मळताना आणि भाजी चिरताना हात कोपराच्या चार-एक इंच खाली राहिला तर खांदे वर ओढले जात नाहीत, म्हणून तिने ओटा ३२ इंचांचा काढला. वहिनींचे खांदे दुखत होते, ही गोष्ट या घरात तिच्याखेरीज कोणी विचारलीही नव्हती. आठ दिवसांनी ती गेली तर ओटा ३४ इंचांवर बसलेला. घरमालकांच्या मोठ्या भावाने गवंड्याला सांगितले होते, "सगळीकडे चौतीसच असतो." वास्तुशांत बारा दिवसांवर आली होती, त्यामुळे दगड काढणे कोणालाच नको होते. हे सांगताना ती रडली. घरी आपल्या ओट्यापाशी उभी राहून मी माझे कोपर मोजले, तेव्हा त्या दोन इंचांचा अर्थ मला नीट कळला.

मग आम्ही त्या प्रसंगाचे तीन रकाने केले: काय घडले, मनात काय आले, त्याला पुरावा काय. अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडलेली विवेकनिष्ठ उपचारपद्धती अशीच चालते. घटनेइतकाच किंवा त्याहून जास्त त्रास त्या घटनेविषयी आपण धरून बसलेल्या समजुतीचा असतो, असे ही पद्धती मानते. दुसऱ्या रकान्यात तिने लिहिले, "मी बाई आहे म्हणून माझे ऐकले नाही." पहिला रकाना मात्र अर्धाच भरला होता. ३२ हा आकडा गवंड्यापर्यंत कसा पोहोचला, असे मी विचारले. बराच वेळ ती गप्प बसली. आकडा तिने घरमालकांना व्हॉट्सॲपवर पाठवला होता. गवंड्याच्या हाती कागद दिला नव्हता. ड्रॉइंगवरच्या सूचना इंग्रजीत होत्या, आणि गवंडी गोकाककडचा, कानडी वाचणारा.

येथे मला एक गोष्ट स्पष्ट सांगायची आहे. स्त्री म्हणून तिला डावलले जात नव्हते, असे मी म्हणत नाही. भाऊंचा शब्द तिच्या शब्दावर चालला, तो त्यांना बांधकामातले अधिक कळते म्हणून नाही. पण अशा डावलण्याची सवय झाली की माणूस ते टाळण्यासाठी काही गोष्टी करणेच सोडून देतो, आणि आपण सोडून दिलेल्या गोष्टी आपल्याला दिसत नाहीत. गवंड्याशी ती थेट का बोलली नाही? कारण तिच्या मनात होते, "माझी कानडी ऐकून हे लोक हसतील." ती शाळेत मराठी माध्यमात शिकलेली, कानडी विषय म्हणून उत्तीर्ण झालेली, बाजारात रोज कानडी ऐकणारी, तरी साईटवर तोंड उघडण्याची तिला लाज वाटे. आपल्या सीमाभागात भाषेला इतक्या गोष्टी चिकटलेल्या आहेत की दोन इंचांचा हिशेबही त्यात अडकतो. मनातला कमीपणा तिच्या फसलेल्या कामात सापडला नाही. तो त्या न दिलेल्या कागदात सापडला.

पुढच्या साईटवर तिने तीन गोष्टी केल्या. प्रत्येक खोलीच्या भिंतीवर लाल पेन्सिलीने रेघ ओढून आकडा लिहिला, कारण आकडा सर्वांना वाचता येतो. मिस्त्री आणि सुतार या दोघांना एकेक प्रत देऊन त्यांच्या सह्या घेतल्या. आणि गवंड्यापाशी उभी राहून म्हणाली, "मूवत्तेरडू." तो हसला, हे खरे आहे. हसून त्याने तिचा उच्चार नीट करून दिला, आणि बत्तीसच धरला.

नवऱ्याचा भाग त्या मानाने लवकर सुटला. उद्यमबागेत नोकरी करणारा तो गृहस्थ संध्याकाळी तिला दुचाकीवरून साईटवर सोडत असे. तो तेथे थांबला की घरमालक त्याच्याशी बोलत, आणि तो संकोचाने "करून टाका" म्हणत असे. त्याने बाहेर थांबावे, असे तिने त्याला सहा वर्षांत कधी सांगितले नव्हते. एका भेटीला मी त्याला बोलावले, तेव्हा तो म्हणाला, "मला यातले काय कळते? मीच सुटलो." कोणी विचारलेच तर "हे मॅडमना विचारा" एवढेच म्हणायचे, असे ठरले.

फीचा प्रश्न सर्वांत चिवट ठरला. पहिली तीन घरे तिने नात्यातली केली होती, फी न घेता. सासरे त्याला "सूनबाईंची हौस" म्हणत, आणि तेही प्रेमाने, म्हणूनच ते जास्त लागत असे. हळूहळू तिची फी अशी बेतली गेली की आधी आकडा सांगायचा आणि समोरच्याने काही म्हणण्याआधीच स्वतःच तो कमी करायचा. मी तिला एका घराच्या फेऱ्या मोजायला लावल्या. शहापूरच्या दोन खोल्यांच्या एका फ्लॅटसाठी तिने १९ फेऱ्या मारल्या होत्या, चार वेळा ड्रॉइंग बदलले होते, आणि हाती आले होते अठरा हजार. यातून सुटण्यासाठी काही जण प्लायच्या दुकानातून गुपचूप कमिशन घेतात. तिनेही दोनदा घेतले होते आणि दोन्ही वेळा तिची झोप उडाली होती, कारण मग पावसाळ्यात ओल धरणाऱ्या भिंतीला आयएस ७१० चे, म्हणजे पाण्याला टिकणारे मरीन प्लाय लावा असे ती खरेपणाने सांगत असली, तरी तो सल्ला आहे की कमिशन, हे तिचे तिलाच सांगता येईना.

सासऱ्यांशी वाद घालू नये असे माझे मत होते. पण तिच्या सीएने सांगितलेली एक गोष्ट तिने जेवताना सहज सांगितली: १९६१ च्या आयकर कायद्याच्या, हिशेबाच्या वह्या ठेवण्याविषयीच्या कलम ४४ एए मध्ये ज्या व्यवसायांची नावे होती, त्यांत वकिली, वैद्यकी आणि अभियांत्रिकी यांच्याबरोबर अंतर्गत सजावटही होती. सासरे आयुष्यभर खडेबाजारात दुकान चालवलेले. करखात्याचा शब्द त्यांना माझ्या शब्दापेक्षा जड वाटला. त्यांनी विचारले, "मग हिशेबाची वही ठेवतेस काय?" त्या रात्री त्यांनीच तिला वही आखून दिली.

डिसेंबरात तिने एका पानाचे पत्र तयार केले. त्यात फी तीन टप्प्यांत होती: पहिला टप्पा ड्रॉइंग सुरू करण्याआधी, दुसरा सुतार साईटवर येताना, तिसरा काम ताब्यात देताना. दोनदा बदल विनामूल्य, तिसऱ्याचे पैसे. दुकानाकडून मी काही घेत नाही, हे वाक्य तिने स्वतः घातले. साईटवरच्या सूचना फक्त डिझायनरच देतील, घरातल्यांना काही बदलायचे असल्यास त्यांनी तिला फोन करावा, हेही त्यात होते. पत्र मोठ्याने वाचण्याचा सराव आम्ही दोन भेटींत केला. आकड्यानंतर तिचा आवाज खाली येई आणि "पण बघू या" हे शब्द आपोआप निघत. मग मी तिला आकडा सांगून पाण्याचा पेला उचलायला सांगितला. पाणी पिताना बोलता येत नाही, आणि तेवढ्या वेळात समोरचा माणूस उत्तर देतो.

संक्रांतीनंतर आमची शेवटची भेट झाली. निपाणीच्या एका कुटुंबाने पत्रावर सही करून पहिला हप्ता दिला होता. एका घराने "इतके?" म्हणून दुसरीकडे जाणे पसंत केले, त्या रात्री ती दोनपर्यंत जागी होती, पण फोन करून आकडा कमी केला नाही. अवघड पत्र अजून पिशवीतच होते, ते हिंदवाडीतल्या आत्याबाईंच्या नव्या घराचे. नात्यातल्या माणसाला फी लावावी की नाही, याचे उत्तर मी तिला दिले नाही, कारण ते तिच्या घरातले उत्तर आहे. एवढेच विचारले की फी सोडायची असेल, तर ती पत्रात आकडा लिहून, त्याखाली "आपल्यासाठी माफ" असे लिहून सोडता येईल का. तिने पत्र बाहेर काढले, आकडा लिहिला, आणि खालची ओळ रिकामी ठेवून पुन्हा पिशवीत घातले.