तयार मेल पाठवून ट्रेल वाचतो का?

तुमचे तीन प्रश्न मला असे समजले. मार्चमधल्या एका शनिवारी कॅलिफोर्नियातल्या एल्डोराडो नॅशनल फॉरेस्टमध्ये नवी (म्हणजे जुनी विकत घेतलेली) रँग्लर जीप घेऊन गेलात आणि गेटला कुलूप दिसलं, तर तो रस्ता कायमचा गेला का? यूटातल्या मोआबजवळच्या 317 मैल गाडीवाटा (ट्रेल) बंद झाल्या म्हणून खात्याला पाठवायचा जो तयार मेल ग्रुपवर फिरतोय, त्याखाली आपलं नाव घालून पाठवावा का? आणि एच-1बीवर असताना असल्या भानगडीत पडावं का?

गेटचं आधी सांगतो. एल्डोराडोतले बहुतेक कच्चे रस्ते 1 जानेवारी ते 31 मार्च दरवर्षी बंदच असतात, आणि जमीन ओली असेल तर आणखी लांबतात. ओल्या मातीत चाकोरी पडते, बर्फाचं पाणी त्या चाकोरीतून ओढ्यासारखं धावतं आणि उन्हाळ्यापर्यंत रस्त्याचा चर होतो. गावाकडे पावसाळ्यात पाणंद कशी होते ते आठवा, म्हणजे झालं. एप्रिलमध्ये फॉरेस्टच्या साइटवर बघून जा. त्या कुलपामागे कुणाचा कट नाही.

आता मेल. पाठवा, बिघडत काही नाही. पण त्याने ट्रेल वाचेल ही आशा ठेवू नका. का, ते जरा सविस्तर लिहितो, कारण इथे दर सहा महिन्यांनी कुणीतरी हेच विचारतं.

अमेरिकेत सार्वजनिक जमिनीवरची गाडीवाट कुलपाने बंद होत नाही, कागदावर होते. कुलूप पुढे दोन-चार वर्षांनी येतं, आणि आपल्याला जाग येते ती तेव्हा. फॉरेस्ट सर्व्हिसने (केंद्र सरकारचं वनखातं) 2005 मध्ये नियम केला की प्रत्येक फॉरेस्टने गाड्यांना चालतील असे रस्ते, ट्रेल आणि मोकळी क्षेत्रं ठरवून नकाशावर दाखवायची. हाच तो एमव्हीयूएम, मोटार व्हेईकल यूज मॅप. फुकट मिळतो. दिसायला अगदी नीरस: काळ्या-पांढऱ्या रेघा, रेघांवर आकडे आणि कडेला कुठली रेघ कोणत्या गाडीला, कोणत्या तारखांना, याचं बारीक टाइपातलं कोष्टक. आधी अनेक फॉरेस्टांत ‘बंद असं लिहिलं नसेल तर खुलं’ असा कारभार होता. आता उलट आहे. नकाशावर रेघ नसेल तर तो रस्ता तुमच्यासाठी नाही, मग जमिनीवर पाटी असो वा नसो, चाकोऱ्या कितीही ठळक असोत. उल्लंघनाला 5,000 डॉलरपर्यंत दंड किंवा 6 महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, हे त्या नकाशावरच छापलेलं असतं. तुमच्या व्हिसाच्या काळजीचं खरं उत्तर इथे आहे. खात्याला मेल किंवा सूचना पाठवल्याने व्हिसाला धक्का लागत नाही. बंद वाटेवर सापडणं हा मात्र गुन्हा आहे, आणि अटक किंवा शिक्षा झाली आहे का हे पुढच्या व्हिसा स्टँपिंगच्या फॉर्मवर विचारतात.

‘पण इथून पन्नास वर्षं जीपा जातायत’ हा युक्तिवाद तुम्ही ऐकला असेल. आपल्याकडे वहिवाटीचा रस्ता कुणी अडवला तर मामलेदार कोर्ट कायदा 1906 खाली तहसीलदाराकडे जाता येतं, त्यामुळे मराठी माणसाला तो लगेच पटतो. इथेही तसं काहीतरी होतं. 1866 च्या खाणकाम कायद्यातल्या एका वाक्याने सार्वजनिक जमिनीवर रस्ता काढायचा हक्क दिला होता. आरएस 2477 म्हणतात तो हाच. 1976 मध्ये तो रद्द झाला, पण तोवर तयार झालेले हक्क राखले गेले. यूटा राज्य आणि तिथल्या काउंट्या अशा हजारो रस्त्यांसाठी वर्षानुवर्षं कोर्टात आहेत. हा खेळ काउंटीचा आणि राज्याचा. तुम्ही-मी वहिवाट सांगत गेलो तर रेंजर नम्रपणे ऐकून घेईल आणि पावती फाडेल.

मग आपल्या हातात काय? हरकती-सूचना. महापालिकेच्या विकास आराखड्याला असतात तशाच.

त्या कशा वाचल्या जातात हे कळायला 1972 चा एक आदेश माहीत हवा. राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी तो काढला, 1977 मध्ये कार्टर यांनी आणखी कडक केला. सार्वजनिक जमिनीवर गाड्यांच्या वाटा ठरवताना माती, पाणी, झाडोरा यांचं नुकसान, वन्यप्राण्यांना होणारा त्रास आणि इतर लोकांशी होणारा संघर्ष कमीत कमी राहील अशा त्या ठरवाव्यात, असं त्यात आहे. कोर्टात सगळं इथे येऊन अडतं. पर्यावरणवादी संघटना विचारतात, ‘ही अमुक नंबरची वाट या कसोट्यांवर तपासली होती का? दाखवा.’ खात्याकडे कागद नसेल तर आराखडा पडतो. यूटात बीएलएमचे (सार्वजनिक जमिनी सांभाळणारं केंद्राचं दुसरं खातं) 2008 चे आराखडे याच वादात सापडले, 2017 मध्ये तडजोड झाली आणि ठरावीक भागांच्या वाटा नव्याने तपासायचं ठरलं. त्यातून मोआबजवळच्या लॅबिरिंथ कॅन्यन-जेमिनी ब्रिजेस भागाचा निर्णय सप्टेंबर 2023 मध्ये आला: 1,100 च्या वर मैलांपैकी 317 मैल गाड्यांना बंद. टेन माइल कॅन्यन आणि हे जो कॅन्यनसारख्या जुन्या जीपवाटा त्यात गेल्या. मेलमध्ये ‘रातोरात’ लिहिलंय. रातोरात कसलं, सहा वर्षं लागली.

आपल्या एल्डोराडोतही हेच झालं. 2008 च्या आराखड्यावर दावा लागला, आणि शेवटी वाद ओल्या कुरणांतून जाणाऱ्या 42 वाटांवर येऊन ठेपला. कुरणांच्या बाबतीत मी दावेवाल्यांच्या बाजूने आहे, इथल्या काही मित्रांना आवडणार नाही तरी. इथल्या सिएरा पर्वतातलं कुरण स्पंजसारखं असतं. त्यातून चाकं जात राहिली की चर पडून पाणी निसटतं आणि कुरण सुकायला लागतं. आणि हे दाखवणारा फोटो विरोधकांना शोधावा लागत नाही, आपल्यातलाच कुणीतरी चिखल उडवतानाचा व्हिडिओ टाकून मोकळा झालेला असतो.

तर, सूचना मोजत नाहीत. हे मतदान नाही. एकच मजकूर दहा हजार लोकांनी पाठवला तरी त्यातला मुद्दा एकदाच नोंदला जातो. नुसत्या ‘बंद करू नका’ला मुद्दा म्हणतच नाहीत.

माझी पहिली सूचना चार ओळींची होती. ‘आमच्या कुटुंबाला ही वाट अतिशय प्रिय आहे’ वगैरे. बायकोने शुद्धलेखन तपासलं होतं. अंतिम अहवालाच्या शेवटी सूचनांना उत्तरं छापतात, त्यात आमच्यासारख्या सगळ्यांना मिळून एकच वाक्य होतं: मताची नोंद घेतली. वाट बंद झाली.

दुसऱ्या वेळी, दुसऱ्या एका फॉरेस्टच्या आराखड्याला, मी शहाणा झालो होतो. मसुद्यात एक सव्वादोन मैलांची वाट ‘ओढ्यात गाळ जातो’ म्हणून बंद दाखवली होती. एका रविवारी ती पूर्ण चालत गेलो, मुलाच्या हातात टेप दिली. गाळ खरंच जात होता, पण एकाच जागी. वाटेच्या मध्यापुढे एका उतारावर पाणी आडवं काढून द्यायचा मातीचा बांध झिजून सपाट झाला होता आणि तिथून चाळीसेक फुटांचा चर थेट ओढ्यापर्यंत गेला होता. बाकी सगळी वाट कातळावर. मी लिहिलं ते एवढंच: वाटेचा नंबर, चराच्या जागेचे अक्षांश-रेखांश, टेप टाकून काढलेले चार फोटो, मग ‘वाट बंद करण्याऐवजी हा बांध पुन्हा घालावा, ओढ्याच्या पात्रात दगड बसवावा आणि एप्रिलअखेरपर्यंत मोसमी बंदी ठेवावी, या पर्यायाचा विचार व्हावा’. शेवटी एक ओळ, की माझे 74 वर्षांचे वडील गुडघ्यांमुळे चालू शकत नाहीत आणि वरच्या तळ्यापर्यंत ते याच वाटेने पोचतात. दीड पान. उत्तरात त्या जागेचा उल्लेख आला आणि अंतिम नकाशावर वाट मोसमी बंदीसह राहिली. माझ्यामुळे राहिली असं म्हणण्याइतका मी मूर्ख नाही, स्थानिक क्लबनेही तेच लिहिलं होतं. पण खात्याला कागदावर कारण लागतं, आणि ते कुणीतरी हातात द्यावं लागतं.

आणखी एक बारकावा. फॉरेस्ट सर्व्हिसच्या अंतिम मसुद्यावर औपचारिक आक्षेप घ्यायला साधारण 45 दिवस मिळतात, पण तो तोच घेऊ शकतो ज्याने आधीच्या फेरीत मुदतीत आणि मुद्देसूद लिहिलं होतं. पहिली फेरी चुकली की नंतर कितीही हुशार वकील आणा, दार बंद. म्हणून फॉरेस्टच्या साइटवरच्या प्रकल्पांच्या यादीसाठी ईमेल नोंदवून ठेवा. कंटाळवाणे मेल येतात. येऊ द्या.

दुसरी बाजू रुबिकॉन या प्रसिद्ध जीपवाटेची. तुम्ही फॉल्समला राहता म्हणजे हा तुमच्या अंगणातलाच. एल्डोराडो काउंटीने 1887 मध्येच तो सार्वजनिक रस्ता ठरवला होता, म्हणून हिवाळ्यातही तो खुला असतो. तरीसुद्धा तो हातचा जायची वेळ आली होती, आणि कारण ऐकून हसू नका. टमरेल. स्पायडर लेकच्या आसपास सगळा ग्रॅनाइट, खड्डा खणायची सोय नाही, आणि दर उन्हाळ्यात शेकडो जीपा मुक्कामाला. 2004 मध्ये मानवी विष्ठेमुळे काउंटीला तिथला मुक्काम बंद करावा लागला. 2009 मध्ये पाण्याच्या गुणवत्तेचं प्रादेशिक मंडळ आलं आणि काउंटी व फॉरेस्ट सर्व्हिस दोघांनाही साफसफाईचा आदेश दिला: गाळ, तेल, विष्ठा, तिन्ही आवरा. लोकांना वाटलं, संपलं.

संपलं नाही, कारण स्वयंसेवक फावडी घेऊन आले. पाणी काढायचे चर, दगडी भराव, एलिस क्रीकवर पूल, पक्के संडास. पैसा बराचसा राज्याच्या ओएचव्ही (रस्त्याबाहेर चालणाऱ्या गाड्यांच्या) निधीतून आला. तुमच्या पेट्रोलवरच्या कराचा आणि ग्रीन स्टिकरच्या (अशा गाड्यांच्या नोंदणीच्या) फीचा एक वाटा त्यात जातो, 1971 पासून. 2012 मध्ये फॉरेस्ट सर्व्हिसने काउंटीला रस्त्याचा रीतसर हक्कही लिहून दिला. आज रुबिकॉनला जाताना गाडीत दोन गोष्टी हव्यातच: तेल सांडलं तर टिपायचं किट आणि वॅग बॅग. वॅग बॅग म्हणजे दुहेरी पिशवी, आत पाणी लागलं की घट्ट होणारी पावडर. वापरायची, गाठ मारायची, घरी आणायची. पहिल्यांदा पाहुण्यांना समजावताना अवघड होतं, विशेषतः गावाहून सासू-सासरे आलेले असतील तर. आमच्या मामींनी तर ‘हे परत गाडीत?’ म्हणून जायलाच नकार दिला होता. मागच्या स्पेअर टायरला बांधायची वेगळी थैली मिळते, ती घ्या.

आता तुमच्या सूचनेबद्दल. नागरिकत्व विचारत नाहीत, व्हिसाधारकही लिहू शकतो. फक्त नाव-पत्ता सार्वजनिक नोंदीत जाऊ शकतो हे लक्षात ठेवा, म्हणून घरच्या पत्त्याऐवजी पीओ बॉक्स असेल तर तो द्या. ग्रुपवरच्या मेलमध्ये तुम्ही कधी न गेलेल्या यूटाच्या वाटांबद्दल लिहायचंय. त्याऐवजी ज्या गेटपाशी अडलात त्याच्या पलीकडची वाट निवडा. गेटच्या बाजूला तपकिरी चपट्या खुंटीवर उभा लिहिलेला नंबर असतो, तो एमव्हीयूएमवर शोधा. एप्रिलमध्ये गेट उघडलं की एकदा हळू चालवा, पाणी कुठे साचतंय ते बघा आणि तिथे उतरून फोटो काढा. फोटोसाठी गाडी वाटेबाहेर घेऊ नका, तोच फोटो उलटा वापरला जातो. मसुदा लिहिलात की इथे टाका, खाडाखोड करून देतो.