मोरावळा राहिला, पुस्तकं झाली

«ताई, मी ग्वाल्हेरला लश्कर भागात राहते. वय ४४, खासगी शाळेत विज्ञान शिकवते. डिसेंबरच्या शेवटी आठवडाभर सुट्टी मिळाली. बाहेर धुकं, दुपार होईपर्यंत उन्हाचा पत्ता नाही. दोन्ही वेळचा स्वयंपाक केला आणि उरलेला सगळा वेळ खोलीचं दार लोटून, रजईत बसून पुस्तकं वाचली, लॅपटॉपवर सिनेमे पाहिले. रोज एक, कधी दोन. लग्नानंतर असा आठवडा पहिल्यांदाच मिळाला. सुट्टी संपली त्या रात्री हे म्हणाले, "एवढी सुट्टी होती, मोरावळासुद्धा झाला नाही." आणलेले आवळे सुकून गेले होते. सासूबाई काही बोलल्या नाहीत. पण एका रात्री त्यांनी दारात उभं राहून अर्धा सिनेमा पाहिला आणि माझं लक्ष गेल्यावर निघून गेल्या. त्या ७५ वर्षांच्या आहेत. पूर्वी दरवर्षी शाल घेऊन गाणं ऐकायला तानसेन समारोहाला जायच्या, आता गुडघ्यांमुळे जमत नाही. मला फार अपराधी वाटतंय. शिवाय वाचलेलं आणि पाहिलेलं आताच एकमेकांत मिसळायला लागलंय. मी तो आठवडा वाया घालवला का?»

ताई, नाही. अजिबात नाही. हे आधी सांगून टाकते, कारण पत्र वाचताना मला तुमचा रागच आला. दोन्ही वेळचा स्वयंपाक केल्याचं तुम्ही साक्षीदारासारखं आधी मांडलंत आणि मग वाचनाचं लिहिलंत. का म्हणून? वर्षभर शाळा, वह्या तपासणं, घर हे सगळं करणाऱ्या बाईने एक आठवडा वाचनात घालवला, तर त्यासाठी तिने पोळ्यांचा हिशेब द्यायची गरज नाही.

मोरावळ्याचं म्हणाल, तर आवळे अजून बाजारात आहेत. पुढच्या रविवारी यजमानांनी ते आणावेत आणि किसावेतही, पाक तुम्ही करा. त्या वाक्यामागे त्यांच्या मनात फार काही असेल असं मला वाटत नाही. बायको आठवडाभर दारापलीकडे कशात इतकी रमली आहे हे त्यांना कळलंच नाही. जे दिसलं, म्हणजे सुकलेले आवळे, त्यावर ते बोलले. बोलणं चुकीचंच होतं आणि ते तुम्हाला लागलं, हे त्यांना सांगाच. शांतपणे, जेवताना, सगळ्यांसमोर.

आता ज्या ओळीवर मी थांबले, त्या ओळीकडे येते. सासूबाई दारात उभं राहून अर्धा सिनेमा बघतात. गुडघे दुखणारी ७५ वर्षांची बाई, ग्वाल्हेरच्या थंडीत, फरशीवर, तासभर उभी! तुम्ही ते नाराजी म्हणून वाचलंत. मला ते मुळीच तसं वाटत नाही. नाराज माणूस बघून निघून जातो, सिनेमा अर्धा होईपर्यंत थांबत नाही. त्यांना आत यायचं होतं. दार लोटलेलं होतं, कुणी बोलावलं नव्हतं आणि सुनेच्या खोलीत आपणहून जाऊन बसायचं नाही, ही त्यांच्या पिढीची रीत.

शिवाय त्या कोण आहेत ते तुम्हीच लिहिलंय. वर्षानुवर्षं शाल गुंडाळून हजीऱ्याला तानसेनच्या समाधीपाशी जाऊन बसणारी बाई. तो समारोह शहनाईने, ढोलीबुवा या कीर्तनकारांच्या हरिकथेने आणि मिलादने, म्हणजे पैगंबरांच्या स्तुतीच्या पठणाने, सुरू होतो. सकाळची सभा ऐकून घरी यायचं, जेवायचं आणि संध्याकाळी पुन्हा जायचं, असे दिवस तिथे बसणाऱ्यांनी काढलेले असतात. पंडित कृष्णराव शंकर पंडितांनी १९१४ साली ज्या गावात गाण्याची शाळा काढली, ज्याला २०२३ मध्ये युनेस्कोने संगीताचं शहर म्हणून मान दिला, त्या ग्वाल्हेरात नुसतं बसून ऐकणाऱ्याला कुणी रिकामटेकडा म्हणत नाही. उलट जाणकार म्हणतात. तेव्हा रजईत बसून एखादी कादंबरी दोन दिवस मनापासून वाचणाऱ्या शिक्षिकेने तरी का लाजावं? आणि तुमच्या घरात ही गोष्ट कुणाला सगळ्यात आधी कळणार असेल, तर ती सासूबाईंनाच. त्यांचं बाहेर जाऊन ऐकणं बंद झालंय, आणि त्याच्या जागी घरात कुणी काही दिलेलं दिसत नाही.

म्हणून शनिवारी रात्री त्यांची खुर्ची आत न्या, पाठीला उशी द्या, पायांवर रजई घाला आणि जो सिनेमा त्यांनी अर्धा पाहिला तोच पहिल्यापासून लावा. आधी तोच. त्यांना काय आवडेल याचा अंदाज करत बसू नका, एक त्यांनी स्वतःच निवडलेला आहे. आवाज थोडा मोठा ठेवा. मध्येच त्या "हा कोण?" म्हणून विचारतील, तेव्हा सिनेमा थांबवून सांगा.

पण एक गोष्ट बजावून सांगते. सिनेमा दोघींचा, वाचन तुमचं एकटीचं. चांगल्या सुनांना एक सवय असते, स्वतःला मिळालेलं सगळं वाटून टाकायची, आणि मग पुढच्या सुट्टीत हातात काहीच उरत नाही. सासूबाईंना बारीक अक्षरं वाचवत नसतील आणि तुम्हाला हौस असेल, तर रात्री चार पानं मोठ्याने वाचून दाखवा. तुमचं पुस्तक मात्र दार लोटूनच वाचा. फरक एवढाच की दार लोटण्याआधी घरात सांगा. "या सुट्टीत मी दुपारी दोन ते सहा वाचणार आहे" असं आठ दिवस आधी म्हटलं की घर त्याप्रमाणे चालतं. यात्रेला जाणारी बाई मागे राहिलेल्या कामांबद्दल कुणाची माफी मागत नाही, कारण ती जाणार हे सगळ्यांना ठाऊक असतं.

मिसळून जाण्याबद्दल. एका रात्रीत दोन सिनेमे आणि मध्ये कादंबरीची पन्नास पानं, असं झालं की मिसळणारच. सिनेमा आपल्या वेगाने पुढे जातो, आपल्याला थांबू देत नाही. पुस्तकात आपण परत मागच्या पानावर जातो, खिडकीबाहेर बघतो, तेव्हा कुठे ते आत उतरतं. पुस्तक संपलं त्या रात्री सिनेमा लावू नका, तसंच झोपा. आणि वर्गात तुम्ही रोज बघता, पुस्तक मिटून जो मुलगा उत्तर स्वतःच्या शब्दांत सांगतो त्याच्याच ते लक्षात राहतं. तुम्ही आठवडाभर कुणाला काहीच सांगितलं नाहीत. सांगा. यजमानांना चहा पिताना एका पुस्तकाची गोष्ट सांगा, त्यांनी विचारलं नाही तरी. नववीच्या वर्गात शेवटची पाच मिनिटं उरली की एखाद्या सिनेमातला प्रसंग सांगा. एक साधी वही करा, प्रत्येक पुस्तकामागे दोन-तीन ओळी. कुठे रडू आलं, कुठे कंटाळा आला, एवढंही पुरे.

आणि वाचलेली ती पुस्तकं? त्यांची नावं तुम्ही लिहिली नाहीत. पुढच्या पत्रात लिहा, आणि सासूबाईंना सिनेमाचा शेवट पटला का, तेही.