शुगर मॅन फोनवर शूट केलाय का?

प्रश्न: गायक रॉड्रिगेझवरची 'सर्चिंग फॉर शुगर मॅन' डॉक्युमेंटरी मोबाईलवर केलीय म्हणे, खरंय का?

उत्तर: सगळी नाही हो. दिग्दर्शक मलिक बेंजेलूलने सुपर ८ या जुन्या प्रकारच्या छोट्या फिल्म-रिळावर शूटिंग चालू केलं, मधेच पैसे संपले मग राहिलेले थोडे शॉट्स आयफोनवर एका स्वस्तातल्या अ‍ॅपने घेतले. पण खरी ताकद गोष्टीतच आहे बघा, डेट्रॉइटचा गायक, १९७०-७१ चे दोन अल्बम अमेरिकेत साफ आपटले, हा घरं पाडायच्या कामावर मजुरी करतोय आणि तिकडे दक्षिण आफ्रिकेत लोकांना गाणी तोंडपाठ, याला पत्ताच नाही! २०१३ ला ऑस्कर मिळालं ते योग्यच. एकच खटकतं, १९७९ चा त्याचा ऑस्ट्रेलिया दौरा फिल्ममध्ये नाहीच, तो दाखवायलाच हवा होता.